गच्चीवर वटवाघूळ, कुंडीत बुरांश

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॉफी शॉपमध्ये रविवारी सकाळी तासभर बसा. शेजारच्या टेबलावर दोनपैकी एक विषय हमखास चाललेला असतो. एक, 'आम्ही उत्तराखंडला ट्रेकला गेलो होतो' आणि दोन, 'आम्ही गच्चीवर बाग केलीय'. ही दोन्ही कामं एकाच माणसानं केलेली असली, की तिसरा विषय निघतो. बुरांश! चोपत्याच्या रस्त्यावर मार्च-एप्रिलमध्ये अख्खे डोंगर लालेलाल करून टाकणारं ते झाड. 'यार, हे आपल्या गच्चीवर काय दिसेल!'

मी बागांबद्दल लिहिते हे कळल्यापासून मित्रमंडळींमध्ये माझा फुकटातला हेल्पलाइन नंबर झाला आहे. त्यावर गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त विचारले गेलेले प्रश्न दोन. 'बुरांश नाशिकला जगेल का गं?' आणि 'डासांसाठी बॅट बॉक्स लावू का?' दुसरा प्रश्न डेंग्यूच्या सीझनमध्ये येतो. एका मैत्रिणीनं तर दोन्ही एकदम विचारले. 'वटवाघळं आली की त्यांचं खत बुरांशला. एकदम इको-फ्रेंडली!' फंडा ऐकायला सॉलिड आहे. पण निसर्ग आपल्या पॉवर पॉइंटप्रमाणे चालत नाही ना!

आधी बुरांशचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. ग्रीकमध्ये 'गुलाबाचं झाड'. जगात याच्या हजाराच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या हिमालयात. नेपाळचं राष्ट्रीय फूल, उत्तराखंडचा राज्यवृक्ष, नागालँडचं राज्यफूल, असा मोठा मान. नागालँडमधल्या जाफू डोंगरावरच्या एका झाडाची १०८ फूट उंचीसाठी गिनेस बुकात नोंद झाली होती. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतही या झाडाची एक बहीण राहते. मध्ये सह्याद्रीत मात्र काहीच नाही. आपल्या जिल्ह्यातलं साल्हेर १,५६७ मीटरवर आहे, कळसूबाई १,६४६ मीटरवर. तिथेही रानातलं ऱ्होडोडेंड्रॉन सापडत नाही. मग ५८४ मीटरवरच्या नाशिकनं काय घोडं मारलंय?

उंची आणि थंडी हा एक भाग. 'पण आपलं नाशिक थंडच आहे की,' असं प्रत्येक नाशिककर म्हणतो, आणि डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दाखवतो. बुरांशला डिसेंबरची काळजी नाहीच. त्याला मे महिना मारतो. चाळिशीतली दुपार कशीबशी काढेलही, पण त्यानंतर रात्रही गरमच राहते, ती त्याला सोसत नाही.

दुसरा भाग मातीचा, आणि खरी गोम तिथे आहे. आपली काळी कसदार जमीन द्राक्षाला, कांद्याला मानवते. पण ती अल्कली अंगाची, चुनखडीची. पीएच साडेसात-आठच्या घरात. बुरांशला लागतो साडेचार ते सहा. म्हणजे आंबट माती. चुन्याच्या मातीत या झाडाची मुळं लोह उचलूच शकत नाहीत. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. मग ते आणखी बोअरचं पाणी घालतात. त्या पाण्यात आणखी चुना. पुढचं सांगायला नको.

माझ्या ऑफिसमधल्या एका उत्साही मित्रानं देवरिया तालच्या वाटेवरून आणलेलं रोप थर्ड एसीच्या बर्थखाली ओल्या टॉवेलात गुंडाळून नाशिक रोडपर्यंत आणलं होतं. एप्रिलमध्ये ते हसत होतं. जूनच्या पहिल्या पावसाला त्याच्या कुंडीत पुदिना होता. (आणि रानातून रोप उपटून आणणं हा तसाही वाईट प्रकार आहे. सरबताची बाटली आणा, रोप नको.)

'मग गंधक टाकू का?' हा प्रश्न फक्त नाशिककरच विचारू शकतो, कारण द्राक्षाच्या भुरीवर मारायला इथल्या कृषी सेवा केंद्रात गंधक सहज मिळतं. गंधकानं माती आंबट होते हे खरं आहे. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्लात रूपांतर करतात. पण आपल्या मातीत चुनखडीचा साठाच इतका, की तुम्ही टाकलेलं आम्ल ती पिऊन टाकते आणि परत होती तशी होते. जमिनीत हे युद्ध जिंकता येत नाही. कुंडीत जिंकता येतं, आणि तेही बुरांशसाठी नाही, त्याच्या धाकट्या भावंडासाठी. अझेलियासाठी.

अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच, त्याच कुळातलं बुटकं झुडूप. थंडीत नर्सरीत गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेल्या ज्या छोट्या कुंड्या दिसतात, त्यातले बरेचसे प्रकार मुळात बेल्जियममध्ये ग्रीनहाऊससाठी तयार केलेल्या जातींचे वंशज आहेत. म्हणजे घरात राहायची सवय असलेले. ट्रिक एकच. बागेतली माती एक चमचाही वापरायची नाही. कोकोपीट, कुजलेल्या पानांचं खत आणि इगतपुरी-घोटीकडची किंवा कोकणातली तांबडी माती, एवढंच मिश्रण. कुंडी पसरट, कारण मुळं वरच्या वर पसरतात. सकाळचं कोवळं ऊन मिळणारी पूर्वेची गॅलरी. पाणी पावसाचं साठवलेलं, आणि ते संपलं की एसीतून ठिबकणारं. हो, एसीचं! त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. उलट आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं जे पाणी आपण इमानेइतबारे बादलीत साठवतो, ते फरशी पुसायला वापरा. त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात, अझेलियाला ते विष.

एवढं करून डिसेंबर ते फेब्रुवारी मस्त फुलं मिळतात. मे महिन्यात मात्र काही झाडं जातातच. मी अझेलियाकडे सीझनच्या पाहुण्यासारखं बघते. राहिली तर आनंद, गेली तर पुढच्या थंडीत दुसरी. एक सूचना मात्र सीरियसली घ्या. घरात मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल, तर अझेलिया त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. ऱ्होडोडेंड्रॉनच्या पानांत ग्रायानोटॉक्सिन नावाचं विष असतं. काही जातींच्या मधातही ते उतरतं. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये काळ्या समुद्राकाठी ग्रीक सैनिक असाच मध खाऊन आडवे झाल्याची नोंद झेनोफनने करून ठेवली आहे.

आणि ज्यांना 'आपल्या मातीतलंच' हवं आहे, त्यांच्यासाठी एक मस्त पर्याय. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत 'इंडियन ऱ्होडोडेंड्रॉन' नावानं एक झाड येतं. ते ऱ्होडोडेंड्रॉन नाहीच मुळी! ते आपलं कोकणातलं पालोरे, काही ठिकाणी लाखेरी म्हणतात. जांभळ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचं झुडूप. फळ पिकलं की फुटतं, आत काळपट जांभळा गर. तो खाल्ला की तोंड रंगतं. त्याच्या शास्त्रीय नावाचा, मेलास्टोमाचा, अर्थच 'काळं तोंड'. यालाही आंबट माती लागते, पण उकाड्याचं त्याला काही वाटत नाही. वरच्याच मिश्रणात मोठ्या कुंडीत लावा. बुरांशचा लाल रंग मिळणार नाही, हे मान्य. पण मे महिन्यात रडायची पाळी येणार नाही.

ते आधीच आलेले आहेत

आता वटवाघळं. इथे उलटं आहे. बुरांशला कितीही बोलवा, येत नाही. वटवाघळांना बोलवावं लागत नाही, ती तुमच्या बिल्डिंगमध्ये ऑलरेडी राहतात.

एप्रिलमधली कुठलीही संध्याकाळ घ्या. सात वाजता गच्चीवर जा, मोबाइल खाली ठेवून. पाकोळ्या आणि वेडे राघू घरी परतत असतात आणि त्यांची ड्यूटी संपता संपता दुसरी शिफ्ट सुरू होते. डोक्यावरून काहीतरी झपकन वळतं, परत येतं, परत वळतं. पक्ष्यासारखं सरळ जात नाही. ते छोटं कीटकभक्षी वटवाघूळ. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षाही वजनाला हलकं असू शकतं. दिवसभर ते झोपलेलं असतं कुठे? एसीच्या मागच्या फटीत, दुकानाच्या पाटीमागे, रोलिंग शटरच्या पेटीत, जुन्या वाड्याच्या तुळईत. पंचवटीतल्या वाड्यांची संख्या घटली तशी यांची जुनी घरंही घटली. पण ही मंडळी अॅडजस्ट करणारी. फ्लॅट संस्कृती त्यांनीही स्वीकारली.

दुसरा प्रकार फळं खाणाऱ्यांचा. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे मोठं फळवटवाघूळ. पंख पसरले की सव्वा मीटरच्या आसपास, वजन किलोच्या पुढेही. वड, उंबर, निलगिरीसारख्या मोठ्या झाडांवर दिवसा काळ्या पिशव्या टांगल्यासारखी शेकड्यांनी लटकलेली असतात. कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेतली वसाहत बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ही बाल्कनीत येत नाहीत, पण एका रात्रीत कितीतरी किलोमीटर फिरतात. तुमच्या अंगणातला चिकू किंवा जांभूळ त्यांच्या रूटवर असू शकतो.

पण शहरी बागेचा खरा हीरो तिसराच आहे. आखूड नाकाचं फळवटवाघूळ. मुठीत मावेल एवढं, तपकिरी, कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड. सकाळी पार्किंगमध्ये आसुपालवाच्या, म्हणजे आपण ज्याला सर्रास 'अशोक' म्हणतो त्या उंच झाडाच्या बिया आणि देशी बदामाची कुरतडलेली फळं पडलेली दिसतात ना? त्यातलं बरंचसं काम याचं. फळ तोडतो, दुसऱ्या झाडावर नेऊन निवांत खातो, रस गिळतो आणि चोथा थुंकतो. आपण ऊस खातो तसं.

याची एक गंमत मला फार आवडते. हा तंबू बांधतो! नर वटवाघूळ झाडाच्या बारीक फांद्या, देठं कुरतडून कुरतडून आत घंटेच्या आकाराची पोकळी तयार करतो. बरेच दिवस हे काम चालतं. मग माद्या येऊन राहतात. तमिळनाडूत संशोधकांनी याचा बारकाईनं अभ्यास केला, १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात तंबूसाठी वापरलेली दोन झाडं होती, आसुपालव आणि पडदा वेल. पडदा वेल म्हणजे तीच, बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या दर्शनी भिंतीवरून हिरव्या पडद्यासारखी खाली सोडलेली असते ती. लोक ती प्रायव्हसीसाठी लावतात. वटवाघूळही प्रायव्हसीसाठीच वापरतं.

तेव्हा कुणी विचारलं, 'वटवाघळं यावीत म्हणून एकच गोष्ट लावायची तर काय?' तर माझं उत्तर बॉक्स नाही. पडदा वेल लावा आणि तिची वारंवार हजामत करू नका.

बॉक्स, डास आणि थोडं गणित

बॅट बॉक्सचं वेड अमेरिकेतून आलं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत डॉ. चार्ल्स कॅम्पबेल या गृहस्थांनी मलेरियाला आळा घालण्यासाठी १९११ च्या सुमारास वटवाघळांसाठी लाकडी मनोराच बांधला होता. पुढे त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आज जाहिरातीत जो आकडा असतो, 'एक वटवाघूळ तासाला शेकडो डास खातं', त्याचं मूळ १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. बंद खोलीत डास सोडले, वटवाघळं सोडली. ती मिनिटाला दहाच्या आसपास डास टिपू शकतात असं दिसलं. त्याला साठनं गुणलं की झाला तासाचा हिशोब. पण तुमच्या गच्चीवर बंद खोली नाही आणि वटवाघळाला मेन्यूत पतंग, भुंगे, वाळवीचे पंखवाले किडे, तुडतुडे असं बरंच काही आहे. मोठा पतंग समोर असताना डासामागे कोण धावेल?

आणि महत्त्वाचं. डेंग्यूचा एडीस डास दिवसा चावतो. वटवाघूळ तेव्हा झोपलेलं असतं. त्यामुळे कूलरमधलं पाणी आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करायचं काम वटवाघळांवर ढकलता येणार नाही. रात्रीचे कीटक मात्र ती नक्की कमी करतात, शेतातल्या किडींसकट. तेवढ्यासाठीही ती हवीत.

तरी बॉक्स लावायचाच असेल तर लावा, पण नाशिकच्या उन्हाचा विचार करून. बहुतेक रेडीमेड डिझाइन थंड देशांसाठीचं असतं, काळा रंग देऊन दक्षिणेकडे तोंड करून लावायला सांगतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये त्याचा तंदूर होईल. रंग न दिलेलं किंवा बाहेरून फिकट, आतून खडबडीत लाकूड. सुतारमामांना आतल्या बाजूला आडव्या चरे पाडायला सांगा, पंजे रोवायला लागतात. आतली फट दोन-अडीच सेंटिमीटर, जास्त नाही. तळ उघडा. भिंतीवर बारा-पंधरा फूट उंचीवर, पूर्वेला तोंड, पश्चिमेच्या भिंतीवर तर मुळीच नाही. खाली कुणाची बाल्कनी किंवा वाळत घातलेले कपडे नकोत. आत कुठलंही व्हार्निश, वाळवीचं औषध नको. मग वाट बघा. दोन-तीन वर्षंही लागतील, आणि कदाचित कधीच कुणी येणार नाही. शहरात फटींची कमतरता नसते, त्यामुळे तुमच्या बॉक्सला कॉम्पिटिशन तगडी आहे.

त्यापेक्षा खाण्याची आणि अंधाराची सोय करा. रातराणी, जुई, कुंद, निशिगंध ही आपल्या आज्यांची लिस्टच घ्या. पांढरी, रात्री उमलणारी, वासाची फुलं पतंगांना बोलावतात आणि पतंगांमागून छोटी वटवाघळं येतात. घराघरात असतं ते 'ब्रह्मकमळ', खरं म्हणजे अमेरिकेतलं निवडुंग, तेही याच टीममधलं. ड्रॅगन फ्रूटचा वेल हल्ली गच्च्यांवर दिसतो. त्याची मोठ्ठी पांढरी फुलं रात्रीच उमलतात, कारण मूळ देशात पतंग आणि वटवाघळंच त्याचं परागीभवन करतात. रो हाऊसच्या मागे केळ असेल तर केळफूल उमलल्यावर रात्री नऊनंतर खिडकीत दिवा बंद करून बसा. आखूड नाकवाला मधासाठी फेऱ्या मारताना दिसेल. हे मी स्वतः बघितलंय आणि कुठल्याही ओटीटीपेक्षा भारी आहे.

जागा मोठी असेल, गावाकडे किंवा गंगापूर-गिरणाऱ्याच्या बाजूला फार्म हाऊस असेल, तर टेटू, गोरखचिंच, मोह, उंबर, जांभूळ. यातल्या टेटू आणि गोरखचिंचेच्या फुलांचं तर सगळं गणितच रात्रीच्या पाहुण्यांवर बेतलेलं आहे. आमच्या सोसायटीचे वॉचमन पेठ तालुक्यातले. मी मोहाचा विषय काढला तर म्हणाले, 'ताई, आमच्या पाड्याकडं मोह लावायला लागत नाय. वाघळं लावत्यात.' एका वाक्यात अख्खं बीजप्रसाराचं लेक्चर! मोहाची फळं फळवटवाघळं दूर नेऊन खातात आणि बी तिथे टाकतात, हे संशोधकही सांगतात.

आणि गच्चीवरचा तो पांढराफेक एलईडी फ्लडलाइट रात्री दहानंतर बंद करा. काही जाती दिव्याखाली किडे टिपतात, पण बऱ्याच जाती उजेडाचा रस्ताच टाळतात.

हां, खताचा मुद्दा राहिला. वटवाघळांच्या विष्ठेत नत्र भरपूर असतं, जगभर ती खत म्हणून विकली जाते. पण अझेलियाला ते खत नको, तिला भरपेट जेवण मानवत नाही. गुलाबाला, पालेभाज्यांना घाला, तेही कुजवून. वाळलेली विष्ठा झाडताना तोंडाला मास्क लावा आणि आधी पाणी शिंपडा. तिच्यात फुप्फुसाला त्रास देणारी बुरशी असू शकते. माझ्या मैत्रिणीचा बुरांश-वटवाघूळ कॉम्बो पॅक इथे निकालात निघाला.

सोसायटीची मीटिंग

हे सगळं गोड गोड वाटत असेल तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगला यायला हवं होतं. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची चार मजली बिल्डिंग, मागे जुना उंबर. वर्षातून दोन-तीनदा खोडाला लगडतो. लगडला की रात्री मेजवानी आणि सकाळी गाड्यांवर चोथ्याचा सडा.

'तोडून टाकू या,' सेक्रेटरी काका म्हणाले. 'आठवड्यातून तीनदा गाडी धुतोय मी.'

'अहो, औदुंबर आहे तो!' दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. 'दत्ताचं झाड. पाप कुणाच्या डोक्यावर घ्यायचं?'

'मग नुसत्या फांद्या छाटू. वटवाघळं तरी जातील. काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना, घरात वाघूळ शिरलं की अपशकुन म्हणून?'

'अपशकुन वाघळाचा. झाडाचा नाही.'

यावर तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर वहिनींनी 'निपाह' हा शब्द उच्चारला आणि मीटिंगचा मूडच बदलला. भीती खोटी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यात निपाहचा माग सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्या वेळी व्हॉट्सॲपवर एकच गोंधळ उडाला. केरळात २०१८ मध्ये निपाहनं काय केलं हे सगळ्यांना आठवत होतंच.

मी काय सांगितलं? की धोका वटवाघूळ डोक्यावरून उडून गेल्यानं नाही. त्याला हाताळल्यानं, त्याची लाळ किंवा मूत्र लागलेलं फळ खाल्ल्यानं आहे. म्हणून झाडाखाली पडलेलं, कुरतडलेलं फळ खायचं नाही, मुलांना खाऊ द्यायचं नाही. झाडावरची फळंही धुऊन, सोलून खायची. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलायचं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणानं भरपूर धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजच्या लसीसाठी. डॉक्टर वहिनींनी मान डोलावली, आणि त्यांनी स्वतःच पुढचं सांगितलं, की वसाहत उठवली, फटाके लावले, फांद्या पाडल्या, तर घाबरलेली वटवाघळं चार ठिकाणी पांगतात. ताणाखाली असलेल्या प्राण्यातून विषाणू बाहेर पडायची शक्यता उलट वाढते. काकांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण ते गप्प झाले.

कायद्याचा मुद्दाही निघाला. मजा बघा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवटवाघळं कितीतरी वर्षं कावळे, उंदरांबरोबर 'उपद्रवी प्राणी' म्हणून एका परिशिष्टात बसवलेली होती. मारलं तरी कुणी विचारायचं नाही. द्राक्ष-पेरूच्या बागांचं नुकसान हे त्याचं एक कारण, आणि नुकसान होतं हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजवायला नको. २०२२ च्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच काढून टाकलं. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. द्राक्षाच्या बागेला जाळी लावणं हाच मार्ग आहे, फक्त जाळी ताणून लावा. सैल जाळीत ती अडकून मरतात.

वटवाघळांना सगळं एकाच मापानं मोजण्याचा तोटा काय, हे बेळगाव जिल्ह्यात दिसतं. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुंफेत एक मोठ्या कानाची जात राहते, १९१३ मध्ये शास्त्राला माहीत झालेली. रॉटनचं वटवाघूळ. कित्येक दशकं जगात ती तेवढ्या एकाच ठिकाणी सापडत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात तिची नोंद झाली. तिला मात्र पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या शेजारी जागा होती.

झाडाचा कायदा वेगळा. महापालिका हद्दीत झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं. आमच्या उंबराचं वय कुणालाच माहीत नव्हतं. काकूंच्या सासूबाईंनी लग्न होऊन आल्यावर त्याला प्रदक्षिणा घातल्या होत्या, एवढा पुरावा मात्र निघाला. त्यात २०२५ च्या नोव्हेंबरपासून तपोवनातल्या झाडांचा विषय शहरात पेटलेला. सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी तिथली शेकडो झाडं तोडायच्या प्रस्तावाविरुद्ध नाशिककर रस्त्यावर उतरले होते. आमच्याच बिल्डिंगमधली चार पोरं तिथे फलक घेऊन उभी होती. ती म्हणाली, 'काका, तपोवनात झाडं वाचवायची आणि घरामागे तोडायची?' यावर काकांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर गाडी धुण्याच्या प्रश्नावर पोरांकडेही नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला तो अगदीच साधा. उंबराखालचे दोन पार्किंग स्लॉट टू-व्हीलरना, कारण टू-व्हीलरला कव्हर घालणं सोपं. झाड लगडतं तेवढ्या दिवसांत वर हिरवी शेडनेट. वर्गणी प्रत्येक फ्लॅटमागे काढली, काकूंनी जास्तीची दिली. बिल्डिंगवर टेकणारी एकच फांदी परवानगी काढून कापायची, कारण तिच्यावरून उंदीर येतात. आणि गच्चीच्या भिंतीच्या भेगा पावसाळ्याआधी बुजवायच्या. हा मुद्दा काकांचा, आणि शंभर टक्के बरोबर. पक्षी आणि वटवाघळं उंबर-पिंपळाच्या बिया भेगेत टाकतात, रोप उगवतं आणि मुळं स्लॅबमध्ये शिरतात. वीतभर असतानाच उपटलं तर निघतं. नंतर सिव्हिल इंजिनिअर लागतो.

अंधार पडल्यावर घरात वाघूळ शिरलंच, तर झाडू घेऊन मागे धावू नका. पंखा ताबडतोब बंद. खोलीतला दिवा बंद, दार लावून खिडक्या सताड उघडा आणि बाहेर जाऊन चहा टाका. बहुतेक वेळा चहा होईपर्यंत ते गेलेलं असतं. केसात अडकत नाही, रक्त पीत नाही (रक्त पिणाऱ्या तीनच जाती आहेत, त्याही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या). तेही बिचारं तुमच्याइतकंच घाबरलेलं असतं.

आणि संक्रांत. येवल्याची पतंगबाजी फेमस आहे, नाशिकही मागे नसतं. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी झाडांत तो अडकलेला दिसतोच. संध्याकाळी झाडातून निघणाऱ्या वटवाघळांना तो तारेसारखा कापतो. पंखाची कातडी फाटली की उडणं संपलं. आम्ही आता १६ जानेवारीला सकाळी लांब बांबूला आकडा लावून उंबरातला मांजा काढतो. गेल्या खेपेला पिशवीभर निघाला. बांबू सेक्रेटरी काकांनी धरला होता.